वाहनकराचा दंड आणि त्याला द्यायचे उत्तर

ब्रिटनमध्ये गाडीचा कर भरायचा राहून गेला की स्वॉन्सीहून डीव्हीएलएचे, म्हणजे चालक आणि वाहने यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, पत्र घरी येते. त्यात ८० पौंडांचा दंड लिहिलेला असतो आणि ३३ दिवसांच्या आत भरल्यास तो ४० पौंडांवर येईल असेही सांगितलेले असते. हे पत्र हाती पडल्यावर आपल्यापैकी अनेक जण निमूटपणे ४० पौंड भरून विषय संपवतात. उरलेले रागाच्या भरात पानभर कैफियत लिहून पाठवतात आणि नकार आला की अधिकच दुखावतात. ओळखीच्या कुटुंबांसाठी अशी पत्रे लिहून देण्याचे काम गेल्या काही वर्षांत हळूहळू माझ्याकडे येत गेले, आणि त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की अशा पत्रात सर्वांत मोठे बळ तारखांचे असते. आपण किती प्रामाणिक आहोत, आजवर एकही देणे कसे चुकवलेले नाही, हे सगळे खरे असले तरी ते वाचणाऱ्याला त्यावरून काही ठरवता येत नाही. कोणत्या दिवशी काय घडले आणि त्याचा कागद कुठे आहे, यावरून मात्र त्याला निर्णय घेता येतो.

याचे कारण हा दंड ज्या पद्धतीने आकारला जातो त्या पद्धतीत आहे. रस्त्यावर कोणी गाडी अडवलेली नसते, कोणी ती उभी असलेली पाहिलेली नसते. १९९४ च्या व्हेइकल एक्साइज अँड रजिस्ट्रेशन ॲक्टमध्ये पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार जानेवारी २००४ पासून गाडीच्या नोंदीवरच जबाबदारी बांधलेली आहे. ज्या गाडीवर चालू कर नाही आणि जी ‘सॉर्न’ म्हणूनही, म्हणजे रस्त्याबाहेर ठेवली असल्याचे कळवून, नोंदलेली नाही, त्या गाडीच्या नोंदणीकृत कीपरच्या, म्हणजे खात्याच्या नोंदीत गाडीसाठी जबाबदार असलेल्या व्यक्तीच्या, नावे दंडाचे पत्र निघते. गाडी बंद गॅरेजमध्ये असो, तिची बॅटरी उतरलेली असो किंवा ती वर्षभर जागची हललेली नसो, त्याने फरक पडत नाही. तेव्हा ‘गाडी आम्ही वापरतच नव्हतो’ हा मुद्दा, जो बहुतेक पत्रांत पहिल्याच ओळीत येतो, तो दंड रद्द होण्यास उपयोगी पडत नाही. उलट, गाडी वापरात नव्हती तर सॉर्न का केले नाही, हा प्रश्न तोच उभा करतो.

दुसरी गोष्ट अशी की या ८० पौंडांच्या दंडावर दाद मागण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण नाही. कौन्सिलने लावलेल्या पार्किंगच्या दंडावर प्रथम कौन्सिलकडे आणि तिथे नकार मिळाल्यास स्वतंत्र निवाडा अधिकाऱ्याकडे विनामूल्य जाता येते. लंडनसाठी एक आणि इंग्लंडच्या उरलेल्या भागासाठी व वेल्ससाठी दुसरे अशी दोन न्यायाधिकरणे त्यासाठी आहेत. वाहनकराच्या दंडाबाबत मात्र ज्या खात्याने दंड लावला त्यालाच लिहायचे असते आणि तेच ठरवते. मला ही उणीव गंभीर वाटते. एका पार्किंगच्या रेषेवरून झालेल्या वादाला तटस्थ ऐकणारा मिळावा आणि सरकारी नोंदीच्या वादाला तो मिळू नये, याला काही समर्थन मला सापडलेले नाही. परंतु जोवर व्यवस्था अशी आहे तोवर पहिल्या पत्रालाच अपिलाचे महत्त्व आहे, आणि ते त्याच काळजीने लिहायला हवे.

कर चुकतो कसा, हे समजल्याशिवाय ते पत्र लिहिता येत नाही. १९२१ पासून या देशात कर भरल्याची कागदी गोल चकती गाडीच्या काचेवर लावावी लागत असे आणि तिच्यावर मुदतीचा महिना ठळक छापलेला असे. १ ऑक्टोबर २०१४ रोजी ती चकती बंद झाली. त्यापूर्वीच्या, २०१३ च्या सरकारी रस्ता पाहणीत कर न भरलेल्या गाड्यांचे प्रमाण ०.६ टक्के होते. २०१५ मध्ये ते १.४ टक्के आणि २०१७ मध्ये १.८ टक्के निघाले. एवढ्या थोड्या काळात इतक्या लोकांची नियत बिघडली, असे मी मानत नाही. रोज डोळ्यांसमोर असणारी तारीख नाहीशी झाली आणि त्याच दिवसापासून आणखी एक नियम बदलला, तो म्हणजे गाडी विकली की तिच्यावरचा उरलेला कर नव्या कीपरकडे जाणे बंद झाले. पूर्वी ‘सहा महिन्यांचा टॅक्स शिल्लक आहे’ असे जाहिरातीत लिहून गाड्या विकल्या जात. आता विकणाऱ्याला उरलेल्या पूर्ण महिन्यांचा परतावा मिळतो आणि घेणाऱ्याने रस्त्यावर नेण्यापूर्वी कर स्वतः भरायचा असतो. घेणाऱ्याचा कर त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून धरला जातो, म्हणजे विक्रीच्या महिन्याचा कर खात्याला दोघांकडून मिळतो. भारतातून नव्याने आलेल्या आपल्या लोकांना हा नियम विशेष नडतो, कारण महाराष्ट्रात खाजगी गाडीचा कर बहुधा नोंदणीच्या वेळीच एकरकमी भरलेला असतो आणि गाडी दुसऱ्याकडे गेली तरी तो गाडीबरोबर राहतो. इथे जुनी गाडी घेतली, विमा काढला, चावी घेतली आणि घरी आणली, एवढ्यावर खरेदी पूर्ण झाली असे त्यांना वाटते.

डायरेक्ट डेबिटमुळे, म्हणजे बँक खात्यातून हप्ता आपोआप वळता होण्याच्या सोयीमुळे, हा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटते. तो बऱ्याच अंशी सुटतोही, परंतु त्याच्या चुकण्याच्या जागा वेगळ्या आहेत. खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला तर तसा ईमेल येतो आणि चार कामकाजी दिवसांत दुसऱ्यांदा प्रयत्न होतो. तोही फसला तर डायरेक्ट डेबिट कायमचे रद्द होते आणि गाडी करमुक्त नव्हे, तर करविरहित होते. एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे का हे पाहणाऱ्या वार्षिक तपासणीची, मुदत करनूतनीकरणाच्या वेळी संपलेली असेल तर तसे पत्र येते, आणि वेळेत तपासणी झाली नाही तर नूतनीकरण होत नाही. ज्या गाड्यांचा कर शून्य आहे, उदाहरणार्थ अपंग व्यक्तींसाठी नोंदलेल्या किंवा चाळीस वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वर्गातील, त्यांचेही नूतनीकरण दर वर्षी करावेच लागते. शून्य रक्कम भरण्याची आठवण राहणे सर्वांत कठीण. विजेवरच्या गाड्या ३१ मार्च २०२५ पर्यंत याच गटात होत्या आणि १ एप्रिल २०२५ पासून त्यांना प्रत्यक्ष कर लागू झाला.

आणि पत्ता. घर बदलल्यावर वाहनचालक परवान्यावरचा पत्ता बदलला की गाडीचाही बदलला, असे मी कितीतरी जणांकडून ऐकले आहे. या दोन नोंदी स्वतंत्र आहेत. गाडीच्या लॉगबुकवरचा, म्हणजे व्ही ५ सी या कागदावरचा, पत्ता वेगळा बदलावा लागतो. तो बदल विनामूल्य होतो, पण केला नाही तर कराची आठवण, दंडाचे पत्र आणि पुढची न्यायालयीन नोटीस हे सर्व जुन्या घराच्या दारात पडत राहते.

आमच्या परिचयातील एका काकूंचे प्रकरण इथे सविस्तर सांगते. त्यांची तशी संमती आहे आणि ओळख पटेल असा तपशील मी वगळला आहे. काकांचे निधन झाले तेव्हा गाडी त्यांच्या नावावर होती आणि कराचे मासिक डायरेक्ट डेबिट त्यांच्याच खात्यातून जात होते. मुलाने मृत्युदाखला घेऊन बँकेला कळवले आणि बँकेने रीतीप्रमाणे खाते गोठवले. पुढचा हप्ता अर्थातच परत गेला, दुसरा प्रयत्नही फसला, आणि त्याबद्दलचे ईमेल काकांच्या अशा पत्त्यावर गेले ज्याचा पासवर्ड घरात कोणालाच ठाऊक नव्हता. गाडी घरासमोरच्या ड्राइव्हवेमध्ये उभी होती. काकू स्वतः गाडी चालवत नाहीत. काही आठवड्यांनी काकांच्या नावाने दंडाचे पत्र आले. या साखळीत बँकेने चूक केली नव्हती, मुलाने केली नव्हती आणि ज्या संगणकाने पत्र काढले त्याच्याकडेही काकांच्या निधनाची नोंद नव्हती. तरीही काकू ते पत्र हातात धरून मला म्हणाल्या, “अगं, यांनी उभ्या आयुष्यात एक बिल उशिरा भरलं नाही. आता गेल्यावर यांच्या नावावर दंड?” मुलाचे म्हणणे होते की आईला आणखी त्रास नको, ४० पौंड भरून टाकू.

मी त्याला तसे करू दिले नाही. त्यामागचे कारण रकमेपेक्षा वेगळे होते. दंड भरल्याने गाडीवर कर चढत नाही. दंड ही झालेल्या खंडाची किंमत आहे. खंड मात्र तसाच चालू राहतो. ४० पौंड भरून ते निश्चिंत झाले असते, गाडी काकांच्याच नावावर, करविरहित आणि सॉर्नविना उभी राहिली असती, आणि पुढचे पत्र यायला कारण शिल्लकच राहिले असते. म्हणून कोणालाही दंडाचे पत्र आले की मी पहिली गोष्ट हीच सांगते: वाद नंतर घाला, आधी आजच्या तारखेला गाडीची नोंद नियमित करा. वापरायची असेल तर कर भरा, नसेल तर सॉर्न करा. सॉर्नला पैसे पडत नाहीत, आणि एकदा केल्यावर गाडी पुन्हा रस्त्यावर आणेपर्यंत किंवा तिचा कीपर बदलेपर्यंत ते चालू राहते. यातली एक बारीक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. लॉगबुकवरचा अकरा अंकी क्रमांक वापरून केलेले सॉर्न त्याच दिवशी लागू होते, तर आठवणपत्रावरचा सोळा अंकी क्रमांक वापरल्यास ते पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होते. मुदत आधीच उलटून गेलेली असताना कोणता क्रमांक वापरायचा, हे यावरून उघड आहे.

काकूंच्या बाबतीत हे ऑनलाइन करण्यासारखे नव्हते, कारण नोंदीतला कीपर हयात नव्हता. अशा वेळी सॉर्नचा कागदी अर्ज आणि त्यासोबत निधनाची तारीख, आपले नाते आणि काही परतावा निघाल्यास तो कोणाच्या नावे द्यायचा, हे सांगणारे पत्र टपालाने पाठवावे लागते. ‘टेल अस वन्स’ नावाची सरकारी सेवा आहे. मृत्यूची नोंद करताना तिचा संदर्भ क्रमांक मिळतो आणि एकाच अर्जातून अनेक खात्यांना निधन कळवता येते. तिच्यातून कळवल्यास मृत व्यक्तीचे नाव कीपर म्हणून काढले जाते आणि त्या नावावरचा करही संपतो. गाडी घरातच ठेवायची असेल तर मात्र तेवढ्याने भागत नाही. नव्या कीपरची नोंद आणि नव्या नावाने कर, ही दोन कामे वेगळी उरतात. काकूंना ही सेवा माहीत नव्हती. दुःखाच्या त्या दिवसांत कोणी त्यांच्यासमोर पत्रके ठेवलीही असतील, पण ती वाचण्याच्या स्थितीत त्या नव्हत्या.

मग आम्ही दंडाला उत्तर लिहिले. ते एका पानाचे होते. सुरुवातीला दंडपत्राचा संदर्भ क्रमांक आणि गाडीचा नोंदणी क्रमांक. त्याखाली, नोंदणीकृत कीपर अमुक तारखेला निधन पावले, मृत्युदाखल्याची प्रत सोबत जोडली आहे, हे एक वाक्य. नंतर बँकेला कळवल्याची तारीख, खाते गोठवल्याचे बँकेचे पत्र, हप्ता परत गेल्याची विवरणपत्रातली तारीख. त्यानंतर सर्वांत महत्त्वाचे वाक्य: ज्या दिवशी या गाडीचा कर खंडित झाला त्या दिवशी, ज्यांच्या नावे दंड आकारला आहे ते हयात नव्हते. पुढे, गाडी सॉर्न करण्यासाठी पाठवलेल्या अर्जाची तारीख आणि टपालात टाकल्याचा पोस्टाचा दाखला. शेवटी मागणी, तीही एका वाक्यात: वरील परिस्थितीत हा दंड रद्द करून तसे लेखी कळवावे. काकांच्या स्वभावाविषयी, काकूंच्या अवस्थेविषयी त्यात एक ओळही नव्हती. मुलाला ते पत्र कोरडे वाटले. मलाही ते लिहिताना बरे वाटत नव्हते, कारण जे खरोखर सांगायचे होते ते त्यात नव्हते. पण टेबलावर असंख्य पत्रे असलेल्या माणसाला दोन मिनिटांत निर्णय घेता यावा, यासाठी ते तसे असणे आवश्यक होते. दंड रद्द झाल्याचे पत्र आले. ते आता मृत्युपत्राच्या कागदांबरोबर त्याच फाइलीत आहे.

सगळ्यांचीच बाजू एवढी स्पष्ट नसते, हे मान्य करायला हवे. जी पत्रे मी लिहून देण्यास नकार दिला त्यांत बहुतेकांचा एकच मुद्दा होता: आठवणपत्र आलेच नाही. आठवणपत्र ही सोय आहे. ते मिळाले नाही म्हणून कराची जबाबदारी संपत नाही, ही खात्याची भूमिका आहे आणि कायद्याच्या दृष्टीने ती बरोबर आहे. आठवणपत्र जुन्या पत्त्यावर गेले असेल तर ते सांगून आपण पत्ता न बदलल्याची कबुली देतो, आणि त्यासाठीही १००० पौंडांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कामाचा ताण, परदेशवारी, घरातले लग्न ही कारणे सहानुभूतीला पात्र असतील, पण ती दंड रद्द करण्याची कारणे नाहीत. अशा वेळी ३३ दिवसांच्या आत ४० पौंड भरणे हाच शहाणपणा असतो, आणि तसे सांगताना मला संकोच वाटत नाही.

जिथे दंड खरोखर टिकत नाही अशी प्रकरणे वेगळी ओळखू येतात. खंड सुरू होण्यापूर्वी गाडी विकलेली किंवा भंगारात दिलेली होती आणि तसे कळवलेले होते. सॉर्न केलेले होते आणि त्याची पोच हाती आहे. डायरेक्ट डेबिट चालू असताना बँकेच्या बाजूच्या तांत्रिक अडचणीने ते फसले आणि बँक तसे लेखी देते. कीपरचे निधन झाले, किंवा तो इतका काळ रुग्णालयात होता की कोणतेही पत्र त्याच्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. यातल्या आजारपणाच्या कारणाने दंड रद्द व्हायलाच हवा असा हक्क मिळत नाही, तो खात्याच्या विवेकाचा भाग असतो. पण रुग्णालयाच्या कागदावर भरतीची आणि सुटीची तारीख असते आणि त्या दोन तारखांच्या मध्ये कराची मुदत पडत असेल तर ते मांडलेच पाहिजे. स्मृतिभ्रंशासारख्या आजारात तर कुटुंबीयांनी संकोच बाजूला ठेवून डॉक्टरांचे पत्र जोडावे.

गाडी विकल्याच्या प्रकरणांत एक गोष्ट वारंवार दिसते, म्हणून तिच्यावर थोडे थांबते. विकणारा लॉगबुकचा भाग भरून टपालाने पाठवतो आणि निश्चिंत होतो. खात्याकडून ‘आता तुम्ही या गाडीचे कीपर नाही’ असे पत्र चार आठवड्यांत यायला हवे. ते आले नाही तर चौकशी करणे विकणाऱ्याकडून अपेक्षित असते. ते पत्र आले नाही याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचा दंड आपल्या नावाने येतो. टपाल योग्य पत्त्यावर, योग्य तिकीट लावून पाठवले होते हे सिद्ध करता आले तर १९७८ च्या इंटरप्रिटेशन ॲक्टच्या सातव्या कलमाचा आधार घेण्याचा प्रयत्न अनेकांनी केला आहे, परंतु त्या युक्तिवादावर विसंबून राहावे असे मी कोणालाही सुचवणार नाही. पोस्टाच्या खिडकीवर टपालात टाकल्याचा दाखला विनामूल्य मिळतो, तो घ्यावा. त्याहून चांगले म्हणजे विक्री ऑनलाइन कळवावी, त्याची ईमेलने पोच लगेच मिळते. विक्रीची पावती, घेणाऱ्याचे नाव-पत्ता आणि पैसे खात्यात आल्याची नोंद हे तिन्ही जवळ असतील तर उशिरा का होईना, वाद घालता येतो.

पत्र लिहिण्याची वेळही महत्त्वाची आहे. दंडपत्र आल्यापासून पहिल्या आठवड्यातच उत्तर पाठवावे आणि आपण लिहिले म्हणून सवलतीची मुदत थांबली असे गृहीत धरू नये. ३३ दिवस संपत आले आणि उत्तर आले नाही, तर आपली बाजू किती भक्कम आहे याचा विचार करून ४० पौंड भरायचे की थांबायचे, हे ठरवावे लागते. भरलेला दंड परत मिळवणे फार अवघड असते. दुर्लक्ष हा पर्याय मात्र कधीच नसतो, कारण न भरलेली रक्कम वसुली कंपनीकडे जाऊ शकते. गाडी करविरहित अवस्थेत रस्त्यावर दिसली तर प्रकरण आणखी वेगळे होते: न्यायालयाबाहेर मिटवण्यासाठी ३० पौंड आणि थकलेल्या कराच्या दीडपट रक्कम मागितली जाते, सॉर्न असताना गाडी रस्त्यावर आढळली तर ३० पौंड आणि दुप्पट. ती भरली नाही तर मॅजिस्ट्रेट न्यायालयात १००० पौंड किंवा कराच्या पाचपट, यांपैकी जे जास्त असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. सॉर्नच्या प्रकरणात १००० च्या जागी २५०० पौंड येतात. चाकाला क्लॅम्प लागला तर सोडवण्याचे १०० पौंड, आणि गाडीवर कर चढवल्याचा पुरावा त्याच वेळी दाखवता आला नाही तर १६० पौंडांची अनामत. या रकमा मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. ८० पौंडांचे पत्र ज्या टप्प्यावर येते तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सहज सुटणारा टप्पा आहे, म्हणून त्याच टप्प्यावर नीट लिहावे, एवढ्यासाठी त्या सांगितल्या.

न्यायालयापर्यंत गेलेल्या प्रकरणांविषयी मला अधिक काळजी वाटते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ पासून ‘सिंगल जस्टिस प्रोसीजर’ नावाची पद्धत आहे. तिच्यात एकच मॅजिस्ट्रेट, कायदेविषयक सल्लागाराच्या मदतीने, बंद खोलीत केवळ कागद पाहून निर्णय देतो. घरी नोटीस येते, तिला २१ दिवसांत उत्तर द्यायचे असते: गुन्हा कबूल, नाकबूल, किंवा कबूल पण न्यायालयात हजर राहून बोलायचे आहे. प्रामाणिक माणूस ‘कबूल’वर खूण करतो आणि खालच्या चौकटीत आपली परिस्थिती लिहितो. ती परिस्थिती कधी कधी अशी असते की ती वाचल्यावर खटला चालवणे सार्वजनिक हिताचे नाही, असे फिर्यादी खात्यालाच वाटले असते. पण खात्याला ती वाचायला मिळेलच अशी हमी या पद्धतीत नव्हती. मार्च २०२४ मध्ये मॅजिस्ट्रेट्स असोसिएशनने, म्हणजे या खुर्चीवर बसणाऱ्यांच्याच संघटनेने, फिर्यादींनी अशी सर्व निवेदने प्रकरण मॅजिस्ट्रेटसमोर जाण्यापूर्वी वाचलीच पाहिजेत, अशी जाहीर मागणी केली. आजारी, वृद्ध आणि शोकात असलेल्या माणसांची प्रकरणे कशी निकालात निघत होती, हे त्याआधी वृत्तपत्रांतून बाहेर आले होते. मला त्या मागणीत माझ्या काकूंसारख्या अनेकींचे रक्षण दिसते.

तेव्हा अशी नोटीस आलीच, तर घाईने ‘कबूल’ लिहू नये. गाडी विकलेली होती, सॉर्न होते, कीपर हयात नव्हता, असे काही आपल्याला सांगायचे असेल तर ती गुन्ह्याची सौम्यता नाही, तो बचाव असू शकतो, आणि बचाव ‘नाकबूल’च्या चौकटीतूनच ऐकला जातो. चौकटीत परिस्थिती लिहिताना तीच हकीकत आणि तेच कागद फिर्यादी खात्यालाही स्वतंत्र पत्राने पाठवावेत आणि खटला मागे घेण्याची विनंती करावी. नोटीस जुन्या पत्त्यावर गेल्यामुळे आपल्या नकळत शिक्षा झाली असेल, तर ते कळल्यापासून २१ दिवसांच्या आत शपथेवर वैधानिक प्रतिज्ञापत्र करून प्रकरण पुन्हा उघडता येते. ही तरतूद फार कमी लोकांना ठाऊक आहे. वसुली अधिकारी दारात आल्यावर खटल्याची पहिली बातमी कळलेली एक ताई मला भेटली होती. तिला हा मार्ग सांगितल्यावर तिचा आधी विश्वासच बसला नाही.

खात्याने पहिल्या पत्राला साचेबद्ध नकार दिला, जोडलेल्या कागदांचा त्यात उल्लेखही नसला, तर दुसरे पत्र तक्रार म्हणून पाठवावे आणि कोणता कागद विचारात घेतला नाही हे नेमके लिहावे. तक्रारीचे खात्यातले दोन टप्पे संपल्यावर परिवहन मंत्रालयाच्या स्वतंत्र तक्रार परीक्षकांकडे जाता येते. ते कायद्याचा निवाडा करत नाहीत आणि न्यायालयात असलेले प्रकरण हाती घेत नाहीत. खात्याने आपलेच नियम पाळले का, पत्राला योग्य उत्तर दिले का, एवढेच ते तपासतात. त्यापुढे संसदीय लोकपाल आहेत, आणि त्यांच्याकडे आपल्या मतदारसंघाच्या खासदारामार्फतच जावे लागते. आपल्या लोकांना खासदाराला लिहिणे म्हणजे फार मोठे पाऊल उचलल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात खासदारांच्या कार्यालयात अशीच पत्रे रोज येतात, आणि त्या कार्यालयाकडून खात्याला गेलेल्या चौकशीला साचेबद्ध उत्तर सहसा दिले जात नाही. पत्रासोबत आधीच्या सर्व पत्रव्यवहाराच्या प्रती तारखेनुसार लावाव्यात, आपला मतदारसंघातला पूर्ण पत्ता लिहावा, आणि ८० पौंडांच्या दंडावर स्वतंत्र न्यायाधिकरण असावे अशी आपलीही इच्छा असेल तर त्याच पत्रात तेही नोंदवावे.